बाडेची पैज: दीर्घिकांच्या टकरी आणि जागी होणारी कृष्णविवरं

आजच्या विषयाचं नाव जरा भारदस्त आहे, पण मी सुरुवात करणार आहे व्हिस्कीच्या एका बाटलीपासून. (हशा) खरंच सांगतो. दीर्घिका एकमेकींवर आदळतात तेव्हा त्यांच्या पोटातलं कृष्णविवर जागं होतं का, या प्रश्नाचा इतिहास एका पैजेपासून सुरू होतो. ती पैज कोण जिंकलं हे सत्तर वर्षांनंतरही ठामपणे सांगता येत नाही. म्हणून तर हा विषय मी निवडला.

साल १९५१-५२. युद्ध संपलेलं आहे, रडारवर काम केलेली तरुण मंडळी आता अँटेना आकाशाकडे वळवून बसलेली आहेत. हंस तारकासमूहात एक फार प्रखर रेडिओ स्रोत आहे, त्याला ‘सिग्नस ए’ म्हणतात. पण तिथे दिसतं काय? दृश्य प्रकाशात काहीच नाही, कारण रेडिओवरून जागा नेमकी कळत नव्हती. केंब्रिजच्या ग्रॅहम स्मिथ यांनी ती जागा पुरेशी अचूक काढली आणि कॅलिफोर्नियात पालोमार पर्वतावरच्या २०० इंची दुर्बिणीवर वॉल्टर बाडे यांना कळवली. बाडेंनी फोटो घेतला. काचेच्या प्लेटवर त्यांना एक अस्पष्ट दीर्घिका दिसली, आणि तिच्या मध्यभागी एक नाही, दोन ठिपके. एकमेकांना चिकटलेले.

आता बाडे काय म्हणाले असतील? इथे एक गोष्ट लक्षात घ्या. लायमन स्पिट्झर यांच्याबरोबर त्यांचा एक लेख नुकताच, १९५१ मध्ये, प्रसिद्ध झाला होता आणि त्याचा विषयच मुळी दीर्घिकांच्या टकरी हा होता. दाट समूहांमध्ये दीर्घिका एकमेकींतून आरपार जात असणार, तारे तारांवर आपटणार नाहीत, पण दोघींमधला वायू मात्र आपटेल, असा त्यांचा हिशेब. तारे का आपटणार नाहीत? सूर्य मोहरीच्या दाण्याएवढा धरा. तो दाणा इथे पुण्यात ठेवला, तर सगळ्यात जवळचा तारा म्हणजे दुसरा दाणा, लोणावळ्याच्या अलीकडे कुठेतरी. दोन मोहऱ्या आपटायच्या कशा? वायूचं तसं नाही, तो पसरलेला असतो. तर असा विचार डोक्यात घोळत असलेल्या माणसासमोर दोन ठिपके आले. बाडे म्हणाले, ही टक्कर आहे. दोन दीर्घिका एकमेकींवर आदळताहेत आणि तो आवाज आपल्याला रेडिओवर ऐकू येतोय.

त्यांचे सहकारी रूडॉल्फ मिंकोव्हस्की यांना हे पटेना. (हे हेर्मान मिंकोव्हस्कींचे पुतणे. सापेक्षतेच्या व्याख्यानात ज्यांचं नाव आलं होतं, ते काका.) मग पैज लागली. बाडे म्हणे हजार डॉलरवर आले होते, शेवटी व्हिस्कीच्या एका बाटलीवर तडजोड झाली. अट अशी की वर्णपटात तप्त, उत्तेजित वायूच्या उत्सर्जन रेषा मिळाल्या तर टक्कर खरी मानायची. मिंकोव्हस्कींनी स्वतःच वर्णपट घेतला आणि रेषा मिळाल्या. झगझगीत. पैज हरल्याचं त्यांनी मान्य केलं. बाडेंची पुढे तक्रार अशी की बाटली ठरली होती, मिळाली खिशातली छोटी चपटी बाटली, आणि तीही मिंकोव्हस्कींनी दोन दिवसांनी येऊन स्वतःच संपवली. (हशा)

१९५४ मध्ये दोघांनी मिळून लेख लिहिला आणि पुढची काही वर्षं ‘रेडिओ दीर्घिका म्हणजे टकरीत सापडलेल्या दीर्घिका’ हे जवळजवळ पाठ्यपुस्तकी सत्य झालं.

पण गंमत बघा. तो लेख छापून यायच्या थोडंसं आधी, १९५३ च्या अखेरीस, ‘नेचर’मध्ये दुसरा एक छोटा लेख आला होता. इंग्लंडमधल्या जॉड्रेल बँकचा. लेखक रॉजर जेनिसन आणि मृणालकुमार दासगुप्ता. दासगुप्ता कलकत्त्याचे, तिथे संशोधनासाठी गेलेले, नंतर परत येऊन त्यांनी कलकत्त्यातच रेडिओ भौतिकी शिकवली. या दोघांनी दाखवलं की सिग्नस ए चा रेडिओ मुळात त्या दीर्घिकेतून येतच नाही! तो येतो दोन बाजूंच्या दोन प्रचंड ढगांमधून, आणि दीर्घिका राहते मधल्या मोकळ्या जागेत. आज आपल्याला माहीत आहे की ते ढग या टोकापासून त्या टोकापर्यंत सुमारे चार लाख प्रकाशवर्षं पसरलेले आहेत. टक्कर मध्ये आणि आवाज दोन्हीकडच्या अंगणांतून? हे काही जमेना. आपल्याकडे या लेखाची आठवण फार कमी काढली जाते. माझ्या मते विसाव्या शतकातल्या भारतीय खगोलशास्त्रज्ञांच्या सगळ्यात महत्त्वाच्या निरीक्षणांपैकी ते एक आहे.

पुढे जेफ्री बर्बिज यांनी त्या ढगांमधल्या ऊर्जेचा हिशेब मांडला तेव्हा तर टकरीच्या कल्पनेचं कंबरडंच मोडलं. दोन दीर्घिकांचा वायू आपटून एवढी ऊर्जा निघणं कठीण. आर्मेनियाचे व्हिक्टर अंबार्टसुमियान १९५८ च्या सॉल्वे परिषदेत सांगत होते की टकरीबिकरी सोडा, दीर्घिकेच्या केंद्रकातच काहीतरी जबरदस्त घडतंय तिकडे बघा. ते ‘काहीतरी’ काय याबद्दलचं त्यांचं मत चुकलं, पण बोट बरोबर जागेवर ठेवलं होतं.

बोट ठेवायला आधार होता. कार्ल सायफर्ट नावाच्या तरुण अमेरिकन माणसाने १९४३ मध्येच, ऐन युद्धात, सहा सर्पिल दीर्घिकांबद्दल लिहून ठेवलं होतं की यांची केंद्रकं टाचणीच्या टोकासारखी तेजस्वी आहेत आणि तिथला वायू सेकंदाला हजारो किलोमीटर वेगाने घोंगावतोय. वीस वर्षं त्या लेखाकडे कोणी फारसं लक्ष दिलं नाही. १९६० मध्ये सायफर्ट मोटार अपघातात गेले. त्यानंतर तीन वर्षांनी मार्टेन श्मिट यांनी ‘३सी २७३’ या ताऱ्यासारख्या दिसणाऱ्या ठिपक्याचा वर्णपट उलगडला आणि क्वेसार जगासमोर आले. तो ठिपका दोन अब्ज प्रकाशवर्षांहून दूर, आणि तरीही हौशी माणसाच्या दुर्बिणीतून दिसतो. मग सायफर्टची आठवण झाली. लहान प्रमाणावर तेच.

आता इंजिन कोणतं, हे मी भरभर सांगतो, कारण मागच्या व्याख्यानात ते झालंय. १९६४ मध्ये अमेरिकेत सॉलपीटर आणि रशियात झेल्दोविच, दोघांनी स्वतंत्रपणे सुचवलं: प्रचंड कृष्णविवर आणि त्यात पडणारा वायू. पडता पडता वायू तापतो, आणि त्याच्या वस्तुमानाच्या दहा टक्क्यांच्या आसपास ऊर्जा बाहेर पडते. सूर्याच्या पोटातल्या अणुभट्टीत हेच प्रमाण एक टक्क्याहूनही कमी, ०.७. डोनाल्ड लिंडेन-बेल यांनी १९६९ मध्ये पुढचं पाऊल टाकलं: क्वेसार विझले तरी कृष्णविवरं जात नाहीत, म्हणजे आपल्या शेजारच्या शांत दीर्घिकांच्या पोटातही ती असणार. उपाशी.

उपाशी हा शब्द मी मुद्दाम वापरला. कारण कृष्णविवर आहे एवढ्याने भागत नाही, त्याला वाढायचं कोणी? एका चांगल्या क्वेसारला वर्षाला साधारण एका सूर्याएवढा वायू लागतो. दीर्घिकेत वायू भरपूर असतो, पण तो हजारो प्रकाशवर्षं दूर, फिरत असतो. आपल्याला वाटतं कृष्णविवर सगळं ओढून घेतं. मुळीच नाही! जत्रेत तुम्ही ‘मौत का कुआँ’ बघितला असेल. मोटरसायकलवाला भिंतीवरून गरगर फिरतो आणि वेग आहे तोवर खाली पडत नाही. उपमा थोडी ओढूनताणून आहे, पण मुद्दा तोच. फिरणाऱ्या वायूला आत पडायचं तर कोणीतरी ब्रेक लावायला हवा. त्याचा कोनीय संवेग जवळजवळ सगळाच्या सगळा काढून घ्यावा लागतो. थोडा काढून चालत नाही.

हा ब्रेक कोण लावणार? इथे टक्कर परत आली. ऊर्जेचा स्रोत म्हणून हाकलून दिलेली टक्कर वाढपी म्हणून मागच्या दाराने आत आली.

त्यासाठी थोडं मागे जाऊ, कारण मला हा प्रयोग फार आवडतो. १९४१, स्वीडनमधलं लुंड. एरिक होल्मबर्ग यांना बघायचं होतं की दोन दीर्घिका जवळून गेल्या तर काय होतं. संगणक नाहीत. गडी काय करतो? गुरुत्वाकर्षण अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतं, आणि दिव्याचा प्रकाशही अगदी तसाच कमी होतो. म्हणून त्यांनी एका दीर्घिकेसाठी ३७ दिवे मांडले, दुसरीसाठी ३७. अंधाऱ्या खोलीत ७४ दिवे. एकेका दिव्याच्या जागी प्रकाशमापक ठेवून कुठल्या दिशेने किती उजेड येतो ते मोजायचं, तेच गुरुत्वाकर्षण समजायचं, त्या हिशेबाने दिवा थोडा सरकवायचा, की पुन्हा मोजायचं. दिव्यांचा संगणक! आणि त्यातून त्यांना दिसलं की जवळून जाताना दीर्घिकांना भरती येते, हात फुटतात, आणि त्या एकमेकींच्या तावडीत सापडू शकतात.

यानंतर बरीच वर्षं या विषयावर छायाचित्रंच जास्त जमली. मॉस्कोच्या वोरोन्त्सोव्ह-वेल्यामिनोव्ह यांचा संग्रह १९५९ चा, हॅल्टन आर्प यांचा १९६६ चा. आर्पच्या संग्रहात ३३८ विचित्र दीर्घिका आहेत. शेपट्या, पूल, कडी, काय वाटेल ते. आर्प म्हटल्यावर आपल्याकडे जयंत नारळीकरांची आठवण होतेच. क्वेसार हे दूरचे नसून जवळच्या दीर्घिकांमधून बाहेर फेकले गेलेत, असं आर्प शेवटपर्यंत म्हणत राहिले, आणि त्यांची निरीक्षणं गांभीर्याने घेणाऱ्या मोजक्या सिद्धान्तकारांमध्ये नारळीकर होते. बहुसंख्यांना ते पटलं नाही, मलाही पटत नाही. पण आर्पचा संग्रह उघडल्याशिवाय या क्षेत्रात आजही कोणाचं पान हलत नाही.

१९७२ मध्ये ॲलार आणि युरी तूमरे या एस्टोनियात जन्मलेल्या दोघा भावांनी खरा नकाशा बदलला. पद्धत अगदी साधी. प्रत्येक दीर्घिकेचं सगळं वस्तुमान मध्यावर एका बिंदूत, भोवती कड्यांमध्ये फिरणारे हलके कण, आणि मग दोघींना एकमेकींजवळून जाऊ द्यायचं. (जर्मनीत फ्लाइडरर आणि झीडेनटॉप्फ यांनी १९६१ मध्येच अशी सुरुवात केली होती, पण लक्ष कोणी दिलं नाही.) तूमरे बंधूंच्या संगणकात आर्पच्या फोटोतल्या शेपट्या जशाच्या तशा उमटल्या. हस्त नक्षत्रातल्या ‘अँटेना’ दीर्घिकांच्या दोन लांब मिशा तुम्ही पाहिल्या असतील, त्याही. तोवर अनेकांना वाटायचं, एवढे बारीक धागे गुरुत्वाकर्षणाने होणं शक्य नाही, काही चुंबकीय भानगड असणार. ती शंका मिटली.

याच लेखाच्या शेवटी एक छोटासा भाग आहे. शीर्षकात भट्टीत कोळसा घालण्याची उपमा आहे आणि पुढे प्रश्नचिन्ह. ते लिहितात, अशा जोराच्या भरतीमुळे वायू दीर्घिकेच्या खोल मध्यभागी जाऊन पडेल का, आणि तिथली भट्टी पेटेल का? पुढच्या पन्नास वर्षांतली शेकडो संशोधनं या प्रश्नचिन्हातून निघालेली आहेत.

यंत्रणा पुढे १९९१ च्या सुमारास बार्न्स आणि हर्नक्विस्ट यांनी संगणकात वायू घालून दाखवली. शेजारीण जवळून गेली की चकतीतले तारे लांबट होऊन एका दांड्यासारखे मांडले जातात. वायूचाही दांडा होतो, पण तो थोडा पुढे पळतो. मागचा ताऱ्यांचा दांडा त्याला सतत मागे खेचतो. हाच तो ब्रेक. वायूचा कोनीय संवेग ताऱ्यांकडे जातो, आणि वायू कोसळतो मध्यावर काहीशे प्रकाशवर्षांपर्यंत. त्याच्या आत शेवटच्या टप्प्यात काय होतं ही वेगळी आणि जास्त अवघड गोष्ट आहे. हे ध्यानात ठेवा, कारण पुढे सगळा घोळ तिथेच होणार आहे.

दरम्यान पुरावाही मिळत गेला. १९८३ मध्ये आयरास हा अवरक्त उपग्रह गेला आणि सूर्याच्या लाख कोटी पट तेजस्वी, पण धुळीत गुरफटलेल्या दीर्घिका सापडल्या. सँडर्स आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये सगळ्यात तेजस्वी दहा तपासल्या. जवळजवळ सगळ्याच टकरीतल्या. त्यांनी गोष्ट जोडली: टक्कर, मग धुळीतला वणवा, मग धूळ उडून गेल्यावर उघडा पडलेला क्वेसार. २००० मध्ये दोन गटांनी दाखवलं की कृष्णविवराचं वस्तुमान आणि भोवतीच्या फुगवट्यातल्या ताऱ्यांचे वेग यांचं घट्ट नातं आहे. २००२ मध्ये चंद्रा वेधशाळेच्या क्ष-किरण चित्रात भुजंगधारीतल्या ‘एनजीसी ६२४०’ या दीर्घिकेत एक सोडून दोन जागी कृष्णविवरं दिसली, एकमेकांपासून साधारण ३००० प्रकाशवर्षांवर. आणि २००५ मध्ये श्प्रिंगेल, दी मात्तेओ आणि हर्नक्विस्ट यांचं संगणकी चित्रण आलं: दोन दीर्घिका मिसळतात, कृष्णविवरं पेटतात आणि सगळा वायू फुंकून टाकतात. काय देखणं चित्रण होतं! मी स्वतः ते व्याख्यानांमध्ये कितीतरी वेळा दाखवलंय, आणि खाली ‘क्वेसार असे पेटतात’ असं बिनदिक्कत लिहिलंय. आज तसं लिहिणार नाही.

का नाही, ते सांगतो. बाडेंना दोन ठिपके दिसले तसंच आपल्याला होतं. सक्रिय दीर्घिकेचा फोटो बघायचा, शेजारीण दिसली की ‘हं, सापडली’ म्हणायचं. पण शांत दीर्घिकांनाही शेजारणी असतात की. त्या कोणी मोजल्या? गावातल्या प्रत्येक आजारी माणसाने विहिरीचं पाणी प्यायलं होतं, हे खरं. पण धडधाकट माणसंही तेच पाणी पीत होती का, हे विचारल्याशिवाय विहीर बंद करता येत नाही.

हे भांडण १९८० च्या दशकातच सुरू झालं होतं. दहारी यांना १९८४ मध्ये सायफर्ट दीर्घिकांपैकी १५ टक्क्यांना जवळची शेजारीण दिसली, तुलनेच्या दीर्घिकांमध्ये ३ टक्के. पाचपट! पण तुलनेच्या दीर्घिका निवडल्या कशा? १९८८ मध्ये फुएन्तेस-विल्यम्स आणि स्टॉके यांनी सारख्याला वारखी लावून, म्हणजे त्याच जातीच्या, तेवढ्याच तेजाच्या दीर्घिका घेऊन मोजलं, तर फरक जवळजवळ विरघळला. १९९७ मध्ये बाकॉल आणि सहकाऱ्यांनी हबलने वीस जवळचे क्वेसार बघितले. काही उघड उघड टकरीत, आणि बरेचसे शांत घरात राहणारे, साधेसुधे.

मग २०११ मध्ये सिस्तेर्नास यांचा लेख आला. हबलच्या चित्रांमधल्या १४० सक्रिय दीर्घिका, तुलनेला १२६४ शांत. दहा जणांना चित्रं दिली, कोणती सक्रिय हे न सांगता, आणि विचारलं की विस्कटलेल्या कोणत्या? उत्तर: दोन्हीकडे प्रमाण सारखंच. सक्रिय दीर्घिकांपैकी ८५ टक्क्यांहून अधिक दीर्घिकांमध्ये मोठ्या टकरीची खूण नाही. मला आठवतंय, हा लेख वाचून मी थोडा हिरमुसलो होतो. इतकी छान गोष्ट, आणि दहा माणसांनी डोळ्यांवर पट्टी बांधून ती पाडली.

पण थांबा. त्याच वर्षी कॅनडातल्या सारा एलिसन यांनी स्लोन सर्वेक्षणातल्या हजारो जोड्या घेतल्या आणि दाखवलं की दीर्घिका जितक्या जवळ, तितकं सक्रियतेचं प्रमाण जास्त, अगदी लगतच्या जोड्यांमध्ये अडीचपटीपर्यंत. मग खरं कोण?

दोघंही. दोघांनी वेगळे प्रश्न विचारले होते. ‘टक्कर झाली तर कृष्णविवर पेटण्याची शक्यता वाढते का?’ याचं उत्तर होय. ‘पेटलेली बहुतेक कृष्णविवरं टकरीमुळे पेटली का?’ याचं उत्तर नाही. पावसात भिजल्याने सर्दी वाढते असं मानलं, तरी गावातली प्रत्येक सर्दी पावसाची नसते. साधारण कृष्णविवराला थोडंसं खाणं पुरतं, ते दीर्घिकेच्या स्वतःच्या दांड्यातून, ताऱ्यांनी उडवलेल्या वायूतून, छोट्या उपदीर्घिकेतूनही मिळतं. ट्रिस्टर आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये अनेक नमुने एकत्र केले तेव्हा दिसलं की तेज वाढत जातं तसा टकरीचा वाटा वाढतो. रोजच्या जेवणाला घरचं पुरतं, लग्नाची पंगत उठवायची तर बाहेरून सामान आणावं लागतं.

आणखी दोन अडचणी आहेत, आणि मला वाटतं खरी मजा त्यांच्यात आहे. पहिली धूळ. टक्कर शेवटच्या टप्प्यात असते तेव्हाच मध्यावर सगळ्यात जास्त वायू आणि धूळ जमते, म्हणजे कृष्णविवर सगळ्यात जास्त खात असतं तेव्हाच ते आपल्याला दिसत नाही! दृश्य प्रकाशात मोजणाऱ्याच्या यादीतून तेच नेमकं गळतं. शोभिता सत्यपाल आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये अवरक्तात मोजलं तेव्हा टकरीचा परिणाम आणखी ठळक निघाला. २०१८ मध्ये मायकेल कॉस यांच्या गटाने धूळ भेदणाऱ्या क्ष-किरणांनी सापडलेली झाकलेली कृष्णविवरं घेतली आणि केक दुर्बिणीने बारकाईने बघितलं. तेजस्वी झाकलेल्यांपैकी सुमारे १७ टक्के दीर्घिकांमध्ये दोन केंद्रकं, दहा हजार प्रकाशवर्षांच्या आत. शांत दीर्घिकांमध्ये हे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास.

दुसरी अडचण वेळेची. टक्कर चालते शेकडो दशलक्ष वर्षं. कृष्णविवर मात्र लहरी. पेटतं, विझतं, पुन्हा पेटतं. २००७ मध्ये हॅनी फान आर्केल या डच शिक्षिकेला घरी बसून दीर्घिकांची चित्रं चाळताना एक हिरवट ढग दिसला, ज्याला उजळवणारं काहीच शेजारी नव्हतं. शेजारच्या ‘आयसी २४९७’ दीर्घिकेतला क्वेसार गेल्या दोन लाख वर्षांत मंदावला होता. तो ढग म्हणजे त्याचा जुना उजेड अजून वाटेत. आणि तो वायू कुठला? जुन्या एका टकरीतून बाहेर ओढली गेलेली शेपटी. आता सांगा, आपण त्या दीर्घिकेला आज बघितलं तर कुठल्या रकान्यात टाकणार? शांत की सक्रिय? टकरीची की बिनटकरीची? तुलनेच्या सगळ्या नमुन्यांमध्ये अशा झोपलेल्या दीर्घिका मिसळलेल्या असणार.

आपल्या देशातलं ताजं काम सांगायचं तर २०२१ मध्ये बंगळुरूच्या भारतीय ताराभौतिकी संस्थेच्या ज्योती यादव, मौसुमी दास आणि सहकाऱ्यांनी ‘एनजीसी ७७३३’ आणि ‘७७३४’ ही जोडी बघितली. ॲस्ट्रोसॅट या आपल्या उपग्रहाने घेतलेल्या चित्रात एक ठिपका खटकला, आणि वर्णपट घेतल्यावर ती तिसरी दीर्घिका निघाली. तिन्हींची केंद्रकं सक्रिय.

जाता जाता पुन्हा सिग्नस ए कडे येऊ. बाडेंचे ते दोन ठिपके आज आपण काय मानतो? एकच मोठी लंबवर्तुळी दीर्घिका, तिच्या मधोमध गेलेला धुळीचा पट्टा, आणि मध्ये सूर्याच्या सुमारे अडीच अब्ज पट वस्तुमानाचं कृष्णविवर. म्हणजे दोन दीर्घिका आपटत नव्हत्याच, आणि मिंकोव्हस्कींनी ती छोटी बाटली उगाचच दिली. मी अनेक वर्षं ही गोष्ट इथेच संपवत असे.

मग २०१७ मध्ये डॅनिएल पर्ली आणि सहकाऱ्यांचा लेख आला. अमेरिकेतल्या ‘व्हेरी लार्ज ॲरे’ या रेडिओ दुर्बिणीने २०१५ मध्ये त्यांनी सिग्नस ए पुन्हा बघितली, आणि मुख्य केंद्रकापासून साधारण १५०० प्रकाशवर्षांवर एक नवा तेजस्वी बिंदू दिसला. १९८९ च्या चित्रात तिथे काही नव्हतं. एक तर तो फारच असाधारण असा तारकास्फोट असेल. नाहीतर, आणि लेखकांचा कल याच बाजूला आहे, ते दुसरं प्रचंड कृष्णविवर आहे, कधीतरी गिळलेल्या दुसऱ्या दीर्घिकेचं, आत्ता आत्ता खायला लागलेलं.

स्फोट असेल तर तो बिंदू हळूहळू मंदावत जाईल. कृष्णविवर असेल तर तसा मंदावण्याचं काही कारण नाही. तोवर बाटली टेबलावरच ठेवू या. (हशा) आता प्रश्न घेऊ. मागच्या रांगेतून सुरुवात करा.